एडक्यावरची रेघ

ग्रेबर्न मतदारसंघाचे मेंबर घोड्यासकट नदीत वाहून गेले. घोडा दोन मैल खाली चरताना सापडला, मेंबर दुसऱ्या दिवशी सापडले, आणि त्याच संध्याकाळी थर्लबीसाहेबांनी मटणाची दुसरी फोड वाढून घेत जाहीर केलं, की देशसेवेची वेळ आता आपल्यावर येऊन ठेपली आहे.

मर्डो मॅकॅस्किल तेव्हा टोपी हातात धरून दाराशी उभा होता. तो साहेबांच्या मेंढ्यांचा मुकादम. डोंगरापासून नदीपर्यंत जे जे काही गवत होतं ते साहेबांचं, त्या गवतावर जे जे काही चरत होतं तेही साहेबांचं, आणि ते सगळं मोजण्याचं, कातरण्याचं, बर्फातून उकरून काढण्याचं काम मर्डोचं. साहेबांना मेंढी पुढून कोणती आणि मागून कोणती एवढं नक्की कळत असे. त्यापलीकडे ते मर्डोवर विसंबून असत.

"पोटनिवडणूक लवकरच लागेल," साहेब म्हणाले. "मी वेलिंग्टनला पार्लमेंटात गेलो की वर्षातले निम्मे महिने तिकडेच. इथलं सगळं सेप्टिमस पाहील."

सेप्टिमस म्हणजे साहेबांचा पुतण्या. विलायतेहून नुकताच आलेला. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून मर्डोकडे प्रेमानं बघत होता. नव्या मालकानं जुन्या कुत्र्याकडे बघावं तसं.

"आणि मी, साहेब?"

"तू सेप्टिमसला मदत कर. आणि राहायला वरच्या खोपटांपैकी एखादं बघ. सेप्टिमसला मुकादमाचं घर लागेल ना. त्याची बायको आहे बरोबर."

मर्डोलाही बायको होती. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

चार दिवसांनी मिसेस सेप्टिमस मापाची फीत घेऊन मुकादमाच्या दगडी घरात आल्या आणि खिडक्या मोजू लागल्या. पडद्यांसाठी. इफी मॅकॅस्किलनं त्यांना चहा दिला, गरम स्कोन दिले, लोणी दिलं, आणि त्या गेल्यावर बशी अशी आदळली की तिचे दोन तुकडे झाले.

"मर्डो, त्या बाईनं आपल्या बिछान्याचीही लांबी मोजली."

"मोजू दे."

"मोजू दे? माझी तीन पोरं त्या बिछान्यात जन्मली! तू काय करणार आहेस ते सांग."

"मी काय करणार? साहेब निवडून आले, की आपण वरच्या खोपटात."

"आणि नाही आले तर?"

"तर साहेब इथंच. मग सेप्टिमसचं इथं काय काम?"

इफीनं बशीचे तुकडे गोळा केले. "मग साहेब पडले पाहिजेत," ती म्हणाली. भाकरी थापता थापता उद्या मीठ आणायचं आहे असं सांगावं, त्या सुरात.

"हळू बोल!" मर्डोनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर एक कोंबडी होती. तिच्याकडेही त्यानं जरा वेळ रोखून पाहिलं.

पूर्वीची निवडणूक असती तर हा विचारच करायला नको होता. पूर्वी गाडीवर चढून, टोपी काढून, सगळ्यांसमक्ष ओरडून सांगायचं, माझं मत अमक्याला. खाली साहेबांचा माणूस वही घेऊन बसलेला. सगळं कसं मोकळं आणि स्वच्छ. कुणावर संशय घ्यायची गरजच नाही, कारण कुणाची हिंमतच नाही. पण पार्लमेंटनं आता नवा कायदा केला होता. आता म्हणे छापील कागद मिळणार, पडद्यामागे जायचं, पेन्सिलीनं रेघ मारायची, घडी घालून पेटीत टाकायची. कुणी कुणाला मत दिलं ते देवालाच ठाऊक.

"देवाला तरी कशाला दाखवायचं म्हणतो मी," म्हातारा कॉल मॅकरे म्हणाला. तो स्काय बेटावरून आलेला, सगळ्यांत जुना मेंढपाळ. "माणूस पडद्यामागे जातो तो लाज वाटण्यासारखं काही करायचं असेल तरच. माझ्या उभ्या आयुष्यात मी पडद्यामागे एकदाच गेलो, तेही डॉक्टरनं नेलं म्हणून."

साहेबांच्या विरुद्ध उभे होते ॲडम टुलक, खालच्या गावातले पीठगिरणीवाले. त्यांचं म्हणणं असं, की मोठी कुरणं फोडावीत आणि छोट्या शेतकऱ्यांना तुकडे वाटावेत. साहेबांच्या मेंढपाळांना हे अजिबात पसंत नव्हतं. कुरण फुटलं तर मेंढ्या जाणार, मेंढ्या गेल्या तर ते जाणार. शिवाय प्रत्येकाच्या खोपटाचं भाडं साहेबांनी कागदावर एवढं चढवून दाखवलं होतं, की ठरावीक भाडं भरणाऱ्यालाच मत देणाऱ्या कायद्यानं प्रत्येकजण मतदार ठरत होता. भाडं अर्थात कुणी देत नव्हतं. त्यामुळे साहेबांविषयी सर्वांच्या मनात खराखुरा आदर होता.

म्हणजे साहेबांच्या लोकरीच्या शेडमध्ये जे मतदान केंद्र होणार होतं, तिथल्या अठरा मतांपैकी सतरा पक्की साहेबांची. अठराव्या मताचा विचार मर्डो रोज घोड्यावर बसून करत असे. त्याला सेप्टिमससमोर साहेबांसाठी जीव तोडून राबायचं होतं, आणि घरी येऊन साहेब पडावेत म्हणून प्रार्थना करायची होती. दोन्ही कामं तो मन लावून करत होता. देवाचा या प्रकारात किती गोंधळ उडत असेल याची त्याला कल्पना होती, पण इलाज नव्हता.

निवडणुकीच्या आठवड्यात सेप्टिमसनं सगळ्यांना शेडमध्ये जमवलं. दोन मेंढे कापले होते, बिअरचं पिंप आणलं होतं. सेप्टिमस लोकरीच्या गठ्ठ्यावर उभा राहून जबाबदारी, साम्राज्य वगैरे शब्द बोलला. शब्द इंग्रजी, ऐकणारे निम्मे गेलिक बोलणारे. त्यांनी टाळ्या पिंपाकडे बघून वाजवल्या.

"आता कागदावर काय करायचं ते मॅकॅस्किल सांगेल," सेप्टिमस म्हणाला आणि मर्डोकडे असं बघितलं, की मर्डोला वाटलं, याला संशय आलाय.

म्हणून मर्डोनं गरजेपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं. "ऐका! कागदावर दोन नावं असणार. वरचं नाव आपलं, थर्लबीसाहेबांचं. खालचं पीठवाल्याचं. कळलं? आता आपण दर साली एडके निवडतो. जो ठेवायचा त्याच्या पाठीवर काय करतो?"

"गेरूची रेघ!" सगळे ओरडले.

ही ग्रेबर्नचीच रीत होती. बाकी सगळ्या कुरणांवर खाटकाकडे जाणाऱ्या जनावरावर रेघ मारतात. पण थर्लबीसाहेबांना पहिल्याच वर्षी वाटलं, की वाईटावर खूण करण्यात काय शोभा? खूण चांगल्यावर करावी. तेव्हापासून इथं लाल रेघेचा एडका राहायचा, कोरा एडका कसायाकडे जायचा. नवा माणूस आला की पहिल्या हंगामात हमखास उलटं करून बसायचा आणि मग वर्षभर चेष्टा सोसायचा.

"तर तस्संच," मर्डो म्हणाला. "गेरूऐवजी पेन्सिल. साहेबांच्या नावावर एक रेघ. आडवी, ठसठशीत!"

"वा!" सेप्टिमस म्हणाला. "किती सोपं सांगितलंस! काका खूश होतील." आणि त्यानं ते आपल्या डायरीत लिहून घेतलं. हे पुढं त्यालाच महागात पडणार होतं, पण त्या वेळी त्याचं अक्षर फार सुंदर आलं होतं.

मतदानाच्या दिवशी वायव्येचा वारा असा सुटला होता, की शेडचे पत्रे बोलायला लागले. निवडणूक अधिकारी म्हणून खालच्या गावचे शाळामास्तर मिस्टर पिरी आले होते. सरकारनं दिलेली पेटी, सरकारनं दिलेला कागद, आणि पडदा मात्र मिसेस सेप्टिमसनी दिलेला. मर्डोनं कापड ओळखलं. त्याच्याच खिडकीचं माप होतं ते. ते कापड त्याच्या खिडकीत लागणार की नाही, हे आज त्या कापडाआडच ठरणार होतं.

मास्तर पिरींनी सूचना वाचायला घेतल्या. त्यांचा आवाज मुळातच झोप आणणारा. त्यांनी पहिलं कलम वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं कलम सुरू केलं, आणि शेडच्या फळ्यांखाली दोन कुत्री एकमेकांच्या नरडीवर तुटून पडली. मग चार. मग सगळीच. ज्याचं त्याचं कुत्रं सोडवायला मतदार बाहेर धावले. मास्तर शांतपणे वाचत राहिले. वाचून संपलं, तेव्हा शेडमध्ये ऐकायला एकटा सेप्टिमस होता, आणि तो खिडकीतून कुत्री बघत होता.

"सूचना भिंतीवर लावली आहे," मास्तर म्हणाले. "कुणाला शंका?"

"त्यांना सगळं ठाऊक आहे," सेप्टिमस म्हणाला.

पहिला मुकादम जाणार हे ठरलेलंच होतं. मर्डो कागद घेऊन पडद्यामागे गेला. तिथं एक उलटं पिंप, पिंपावर पेन्सिल. थर्लबी, टुलक. दोन नावं, एकाखाली एक. बाहेर सेप्टिमस चकरा मारत होता. पडदा खाली टाचांपर्यंत पोचत नव्हता, त्यामुळे मर्डोला सेप्टिमसचे बूट दिसत होते, म्हणजे सेप्टिमसला मर्डोचे दिसत असणार. बुटांवरून मत ओळखता येतं का, असा विचार मर्डोच्या मनात आला आणि त्यानं पाय जरा राजनिष्ठ दिसतील असे जुळवून ठेवले.

मग त्यानं टुलकच्या नावावर रेघ मारली. हलक्या हातानं, आवाज न करता. तरी पेन्सिल करकरलीच. खालच्या नावाची करकर वरच्या नावापेक्षा वेगळी येत असेल का? बाहेरचे बूट थांबले. मर्डो खोकला. बूट चालू लागले.

त्याच्यामागून एकेक गेले. कॉल मॅकरे इतका वेळ आत राहिला, की मास्तरांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" आतून उत्तर आलं, "पेन्सिल मोडली!" दुसरी देण्यात आली. बाहेर आल्यावर प्रत्येकानं सेप्टिमसकडे बघून मान हलवली आणि सेप्टिमसनं प्रत्येकाकडे संशयानं बघितलं. दुपारपर्यंत सगळे सगळ्यांकडे तसंच बघू लागले होते. आचारी हॅनिफन, आयरिश माणूस, सूप वाढताना म्हणाला, "चमत्कारिक कायदा आहे. सकाळपर्यंत आपण मित्र होतो."

निकाल शनिवारी आला. टपालगाडीवाल्यानं साहेबांच्या हातात कागद दिला आणि घोडे वळवायची घाई केली, यावरूनच काय ते कळलं. टुलक नऊ मतांनी निवडून आले होते. ते एक वेळ चाललं असतं. पण कागदावर केंद्रवार आकडे होते, आणि शेवटची ओळ अशी होती: थर्लबीसाहेबांची शेड, टुलक सतरा, थर्लबी एक.

इफीनं ऐकलं तेव्हा ती मेंढीच्या चरबीच्या मेणबत्त्या ओतत होती. तिनं साचा खाली ठेवला.

"सतरा? मर्डो, तू किती जणांना सांगितलंस?"

"कुणाला नाही. देवाशपथ."

"मग?"

मर्डो बाकावर बसला. त्याचं अंतःकरण भरून आलं होतं. "म्हणजे इफी, सगळ्यांच्याच मनात होतं ते! वर्षानुवर्षं मी त्यांच्यावर ओरडतोय, आणि पोरं माझ्याच मनातलं करून आली. न सांगता! मुकादमाचं घर वाचावं म्हणून."

"कॉल मॅकरे? तुझं घर वाचावं म्हणून? तो तुझ्याशी गेल्या हिवाळ्यापासून बोलत नाही, खोऱ्यातल्या चराईच्या त्या भांडणावरून."

"मनानं चांगला आहे."

"आणि साहेबांचं ते एक मत कुणाचं?"

"हॅनिफनचं असणार," मर्डो जरा तुच्छतेनं म्हणाला. "आचारी शेवटी. लाळघोटेपणा त्या धंद्यातच असतो."

पण तासाभरात कॉल मॅकरे दारात हजर झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मुकादम, कुणीतरी पेटी बदलली! मी साहेबांना मत दिलं, आणि मला गद्दार ठरवतात?" त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला. प्रत्येकजण आत येताना कुंपणापाशी वळून बघायचा, मागून कोण येतंय ते. प्रत्येकजण शपथेवर सांगायचा की मत साहेबांना, आणि बाकीचे सगळे चोर. मर्डोचं भरलेलं अंतःकरण हळूहळू रिकामं झालं. सगळे खोटं बोलत असतील असं धरलं, तर कॉल रडला कशाला? आणि सगळे खरं बोलत असतील, तर सतरा मतं टुलकला गेली कशी?

"मास्तरांनीच काहीतरी केलं," मर्डो बायकोला म्हणाला.

"मास्तर सहा वर्षं शाळेच्या छपराला पत्रा मागतायत, तो मिळाला नाही," इफी म्हणाली. "त्यांना पेटी बदलता आली असती, तर आधी छप्पर बदललं असतं."

सोमवारी साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. मास्तर पिरींनाही बोलावलं, आणि बायबल आणलं. बायबल साहेबांचं खासगी, जाड, कडेला सोनेरी. साहेबांचा चेहरा दोन दिवसांत उतरला होता.

"माझ्या शेडमध्ये," साहेब म्हणाले. "माझ्या पिंपावर, माझ्या पेन्सिलीनं! एकेकानं पुढं या आणि शपथ घ्या."

एकेकानं घेतली. मर्डोची पाळी आली. हात बायबलवर ठेवून तो म्हणाला, "साहेब, माझ्या मनात सदैव आपण इथंच असावं हेच होतं." हे अक्षरशः खरं होतं, त्यामुळे बायबलाला काही बोलायला जागा राहिली नाही. सेप्टिमसनं मात्र भुवई उचलली.

कॉल मॅकरेची शपथ घेऊन झाली तरी तो जागचा हलेना. "साहेब, आणखी काय करू? एवढी जोरात रेघ मारली आपल्या नावावर, की पेन्सिल मोडली! मास्तरांना विचारा!"

"पेन्सिल मोडली, हे खरं आहे," मास्तर म्हणाले. मग ते थांबले. त्यांनी चष्मा काढला. "रेघ कुणाच्या नावावर?"

"साहेबांच्या! आणखी कुणाच्या?"

मास्तरांनी चष्मा पुसला, परत घातला, भिंतीकडे गेले, आणि तिथं अजून लटकत असलेल्या सूचनेतलं तिसरं कलम वाचून दाखवलं. कुत्री या वेळी शांत होती. कलम असं होतं, की मतदारानं ज्याला मत द्यायचं नाही, त्याचं नाव रेघ मारून खोडावं.

सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या कागदाकडे वळले.

"म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "ज्याच्यावर रेघ, तो..."

"खाटकाकडे," मास्तर म्हणाले. ते शेजारच्या कुरणावर वाढलेले होते.

साहेब गठ्ठ्यावर बसले. पण त्यांच्या चेहऱ्यावर, सगळ्यांना आश्चर्य वाटलं, हळूहळू ऊन पडायला लागलं. ज्या माणसाला दोन दिवस वाटत होतं की आपल्यावर कुणाचंच प्रेम नाही, त्याला कळलं होतं की आपल्याला सगळ्यांनी प्रेमानं मारलं आहे.

"माझ्या नावावर कुणी कुणी रेघ मारली? हात वर!"

हात वर झाले. मर्डोनं इकडेतिकडे बघितलं आणि आपलाही केला.

"अठरा," सेप्टिमस म्हणाला. "काका, अठरा हात आहेत. पण एक मत तुम्हाला पडलंय."

"अरे हो!" साहेब उठून उभे राहिले. "म्हणजे तुमच्यापैकी एकानं ही सूचना वाचली! एकच हुशार, एकच इमानी माणूस! कोण तो? हात खाली कर. लाजू नकोस." त्यांनी खिशातून चांदीचं घड्याळ काढलं. "हे त्याचं!"

घड्याळ बघून हॅनिफनचा हात अलगद खाली आला. "मला मिरवायला आवडत नाही, साहेब," तो म्हणाला, "म्हणून गप्प होतो."

"खोटं! हा वाचतच नाही!" म्हणत दुसऱ्यानं हात खाली केला. "मी वाचली सूचना!" मग तिसऱ्यानं. बघता बघता सात-आठ हुशार माणसं निघाली आणि एकमेकांना लबाड म्हणू लागली. शेवटी साहेबांनी, पहिला हात ज्याचा खाली आला त्याला घड्याळ देऊन टाकलं, कारण मेंढ्या मोजताना जी पहिली दारातून जाते तिच्यापासूनच मोजायला लागतं.

मर्डोचा हात वरच होता. तो खाली करायचा खरा हक्क त्या शेडमध्ये त्याच्या एकट्याचा होता. त्याला दंडात कळा येत होत्या.

"एक मिनिट," सेप्टिमस म्हणाला. तो मर्डोच्या समोर येऊन उभा राहिला होता. "एडक्यांची गोष्ट यांना सांगितली कुणी? यानं!"

सगळ्यांनी मर्डोकडे बघितलं.

"हे खरं?" साहेबांनी विचारलं.

"खरं आहे, साहेब."

"तू स्वतः रेघ कुठं मारलीस?"

आता मर्डोला सगळं दिसलं. मी सूचना वाचली होती म्हणावं, तर सतरा जणांना मुद्दाम उलटं शिकवलं असं होतं. नव्हती वाचली म्हणावं, आणि रेघ टुलकवर मारली म्हणावं, तर ती कुणाला मत द्यायला मारली हे दिसतंच आहे. साहेबांना पडलेलं एकुलतं एक मत त्यानं दिलं होतं, आणि ते दिलं असं सांगितलं तर तो गेला.

"आपल्या नावावर, साहेब. आडवी, ठसठशीत."

"म्हणजे तू हरामखोर नाहीस. नुसता मूर्ख."

"मूर्ख, साहेब!" मर्डो म्हणाला. इतक्या आनंदानं हा शब्द कुणी स्वतःबद्दल उच्चारल्याचं ग्रेबर्नमध्ये कुणाला आठवत नव्हतं.

"काका, मला पटत नाही," सेप्टिमस म्हणाला. "समजा यानं सूचना वाचली होती, आणि मुद्दाम उलटं शिकवलं. मग ते एक मत याचंच!"

"म्हणजे मला पाडायचा कट करून यानं स्वतः मत मलाच दिलं?"

"नाही... म्हणजे हो. पण समजा, यानं वाचलीच नव्हती..."

"सेप्टिमस, तू त्या सभेत होतास ना? हा एडके वगैरे बोलला, तेव्हा तू काय केलंस?"

सेप्टिमसनं डायरी खिशात ढकलली. कोपऱ्यातून हॅनिफन घड्याळ कानाला लावून म्हणाला, "छोट्या साहेबांनी डायरीत लिहून घेतलं. अक्षर सुंदर आहे त्यांचं."

साहेब वेलिंग्टनला जाणार नव्हते, त्यामुळे सेप्टिमसला इथं काम उरलं नाही. महिन्याभरात तो बायकोसह क्राइस्टचर्चला गेला, लोकरीच्या दलालाकडे. पडद्यांचं कापड मिसेस सेप्टिमस रागारागानं शेडमध्येच टाकून गेल्या. इफीनं ते आणलं, धुतलं, पेन्सिलीचे डाग काढले आणि दगडी घराच्या खिडक्यांना शिवलं. माप तंतोतंत बसलं.

एके दिवशी हॅनिफन घड्याळ घेऊन आला. साहेबांनी त्यावर काहीतरी कोरून घेतलं होतं, ते त्याला वाचून हवं होतं. इफीनं वाचलं: "सर्वांत इमानी माणसास." हॅनिफन खूश होऊन गेला.

इफीनं दार लावून घेतलं. "मर्डो."

"काय?"

"सगळ्यांनी साहेबांना मत द्यायला साहेबांवर रेघ मारली. साहेबांना पाडायला रेघ मारणारा एकच होता." तिनं नव्या पडद्याची एक चुणी सारखी केली. "ते घड्याळ आपल्या घरात असायला हवं होतं रे."

"हळू बोल," मर्डो म्हणाला, आणि पडद्याआडून बाहेर बघितलं.

साहेबांना हे कळायला वेळ जास्त लागला. त्यांनी ती गोष्ट क्राइस्टचर्चच्या क्लबात सांगितली, पाहुण्यांना सांगितली, एका मेजवानीत तर खुद्द गव्हर्नरांना सांगितली. सतरा भोळी प्रेमळ माणसं, आणि एक वाचता येणारा इमानी. लोक हसत आणि डोळे पुसत. गोष्ट सांगता सांगताच हिवाळ्यात कधीतरी, बहुधा हॅनिफननं सूपऐवजी त्यांना टपाल नेऊन दिलं आणि पाकीट उलटं धरलं तेव्हा, साहेब अर्ध्या वाक्यात थांबले. सूचना कुणीच वाचली नव्हती, तर टुलकवर रेघ मारणाऱ्याला टुलकच हवा होता, आणि साहेब पडल्यानं घर वाचलं होतं एकाच माणसाचं.

पुढच्या हंगामात एडके निवडायच्या दिवशी साहेब पहिल्यांदाच कुंपणापाशी येऊन उभे राहिले. मर्डोनं दोन एडके समोर आणले. एक रुंद छातीचा, एक म्हातारा, गुडघ्यात गेलेला.

साहेबांनी गेरूचा गोळा उचलून मर्डोच्या हातात दिला. "एक ठेवायचा, एक खाटकाला. मार रेघ."

"आपल्या रीतीनं, साहेब?"

"नाही," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे मर्डोच्या बोटांवर होते. "त्या दिवशी पडद्यामागे मारलीस तशी."

मर्डोनं साहेबांकडे बघितलं. साहेबांना सगळं कळलं होतं. पण मुकादमाला हाकलायचं, तर का हाकललं ते सांगावं लागणार. आणि गव्हर्नरांना गोष्ट सांगून झाली होती.

मेंढपाळ कुंपणावर ओणवून बघत होते. कॉल मॅकरेनं पाइप तोंडातून काढला.

मर्डोनं गेरू घेतला, गुडघ्यात गेलेल्या म्हाताऱ्या एडक्याच्या पाठीवर ठसठशीत आडवी रेघ मारली, आणि म्हणाला, "मी तर मूर्ख, साहेब."

साहेबांनी ती रेघ निरखून पाहिली. मग मूर्खाची रेघ ग्रेबर्नच्या रीतीनंच धरून त्यांनी स्वतःच दार उघडून रुंद छातीचा कोरा एडका खाटकाच्या वाड्यात सोडला. तसल्या देखण्या जनावराचं मटण त्या वर्षी साहेबांनी रोज खाल्लं, आणि तेव्हापासून दर हंगामात ते कुंपणापाशी येऊन उभे राहू लागले. मर्डोनं रेघ कशावर मारली ते बघायचे, मग मर्डोकडे बघायचे, मग पुन्हा रेघेकडे. मर्डो मरेपर्यंत त्याच दगडी घरात राहिला. पडदे मात्र तो दिवसासुद्धा ओढलेलेच ठेवत असे.